सतरा वर्षांचा स्टॉपर आणि साडेसहा लाखांची ट्रायल

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत, घर नाशिकच्या सिडकोत. सहा फूट उंची, फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळतो, शाळेकडून आणि जिल्ह्याकडून खेळलाय. एक एजंट म्हणतो, पोर्तुगालच्या एका क्लबात तीन आठवड्यांची ट्रायल लावून देतो, साडेसहा लाख लागतील, पोरगा आवडला तर लगेच करार. तारखा नेमक्या बारावीच्या परीक्षेच्या आसपास. सोबत तुम्ही चार मिनिटांची क्लिप जोडलीय आणि शेवटी विचारलंय, डिफेंडरचं परदेशात करिअर होतं का, की तिकडे सगळे गोल मारणाऱ्यालाच बघतात?

मी स्वतः स्टॉपर. मुंबईत एका ऑफिसच्या टीमकडून नऊ वर्षं खेळलो, गुडघा गेला, मग नाशिकला परतलो. पोरांना शिकवतोय त्याला आता अठरा वर्षं होतील. एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, प्रशिक्षकाचं बी लायसन्स आहे. एजंट नाही, त्यामुळे तुम्ही पाठवलंत काय आणि नाही पाठवलंत काय, माझ्या खिशात काही पडत नाही.

ही ट्रायल नको, हे आधीच सांगून टाकतो. कारण समजायला फुटबॉल कळायची गरज नाही, जन्मदाखला पुरतो. फिफाच्या बदलीच्या नियमांत १९ वं कलम आहे. अठरा पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, युरोपीय संघातल्या दोन देशांमधली बदली असेल आणि वय सोळाच्या पुढे असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील. देवाणघेवाणीच्या योजनेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यासाठीही एक वाट आहे, पण ती हौशी क्लबापुरतीच. सिडकोतलं तुमचं घर यातल्या कशात बसतं ते तुम्हीच सांगा. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराला 'लगेच करार' सांगणारा माणूस एक तर नियम जाणत नाही, नाहीतर तुम्ही नियम जाणत नाही एवढं नक्की जाणतो.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारताय, परदेशी पाठवू का? मी तुमच्या जागी असतो तर विचारलं असतं, पुढची तीन वर्षं हा पोरगा दर आठवड्याला पूर्ण नव्वद मिनिटं कुठे खेळणार? गोव्यात, मुंबईत, बंगळुरूत की लिस्बनजवळच्या गावात, हे नंतर. स्टॉपर सामन्यांनी घडतो. आणि स्टॉपर ट्रायलमध्ये दिसत नाही. हे दुसरं लोकांना पटायला वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्ट्रायकरचं काम ट्रायलमध्ये सोपं असतं. वीस मिनिटांत दोन गोल मारले की झालं, वहीत नाव. कडेने खेळणाऱ्या विंगरने दोघांना चकवलं, दिसलं. स्टॉपर काय दाखवणार? शेजारचा जोडीदार अनोळखी, मागचा गोलकीपर अनोळखी, दोघांची भाषा वेगळी. त्याचं निम्मं काम बोलण्याचं, आणि बोलायची सोयच नाही. त्याने सगळं बरोबर केलं तर काहीच घडत नाही, आणि जे घडलंच नाही ते वहीत कोण लिहिणार? एक चूक झाली की तेवढी मात्र सगळ्यांना दिसते.

२०१८ मधली गोष्ट सांगतो. यात माझाही दोष आहे. माझ्याकडचा एक लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर, वय एकोणीस, अशाच एका माणसामार्फत स्पेनला दहा दिवसांसाठी गेला. वडिलांनी सिन्नरकडचा दोन गुंठ्यांचा तुकडा विकला. शिफारसपत्र मी दिलं होतं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट, चौकशी न करता. तिथे नगरपालिकेचं भाड्याने घेतलेलं टर्फ, चाळीसेक पोरं, सगळी बाहेरून पैसे भरून आलेली आणि एकमेकांविरुद्धच खेळणारी. क्लबचं जाकीट घातलेले एक गृहस्थ एका संध्याकाळी आले, फोटो काढले, गेले. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. पोराने मला तिथून फोन केला, "सर, यावर पार्टिसिपेटेड लिहिलंय, म्हणजे सिलेक्ट ना?" त्याच्या आईने ते लॅमिनेट करून भिंतीला लावलंय. त्यांच्या घरी चहाला गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

मग क्लब डिफेंडर निवडतात कसे? पूर्ण सामने बघून. आधी व्हिडिओवर, मग माणूस पाठवून, आणि एकदा नाही, पाच-सहादा. त्यांना काय बघायचं असतं ते तुमच्या क्लिपवरूनच सांगतो.

क्लिपमध्ये अकरा स्लायडिंग टॅकल आहेत. मी मोजले. दिसायला झकास, खाली गाणंही जोरदार. पण त्यातल्या सात वेळा तो मुळात चुकीच्या जागी उभा होता, म्हणून घसरावं लागलं. घसरणं वाईट नाही, पण तो शेवटचा उपाय आहे. क्लिप बनवणाऱ्याने नेमकी चुकांची निस्तरणी गोळा केलीय, आणि जाणकार माणूस पहिल्या दोन मिनिटांत हे ओळखतो.

मी पोरांचं एक साधं मोजमाप ठेवतो. समोरच्या टीमचा विंगर बॉल घेऊन साइडलाइनला आलाय. अशा वेळी दहा सेकंदांत आपल्या स्टॉपरने मान किती वेळा मागे वळवली? मागच्या खांबाकडे कोण सरकतंय, आपला लेफ्ट बॅक कुठे आहे, हे बघायला. नवीन पोरगं एकदाही वळवत नाही, बॉलकडे टक लावून उभं असतं, जणू नजर काढली तर बॉल पळून जाईल. तयार पोरगं तीन-चारदा बघतं. तुमच्या मुलाचं मला त्या क्लिपमध्ये मोजताच आलं नाही, कारण कॅमेरा सतत बॉलच्या मागे.

दुसरं, अंग कसं ठेवलंय. दोन्ही पाय समांतर, छाती सरळ समोर, असा उभा राहिला की वेगवान स्ट्रायकर एका धक्क्यात पार. अर्धं अंग वळलेलं हवं, म्हणजे मागे पळायचं झालं तर पहिलं पाऊल आधीच पडलेलं असतं. तिसरं, दाब आल्यावर बॉलचं काय करतो. आपल्याकडे बापापासून कोचपर्यंत सगळे ओरडतात, "मार बाहेर!" हे ऐकत वाढलेला पोरगा वीस वर्षांचा झाला तरी पाच मीटरवरच्या मिडफिल्डरला पास द्यायला घाबरतो. बाहेर स्टॉपरकडून खेळ सुरू करून घेतात. डावा पाय चालत असेल तर त्याला वेगळाच भाव आहे, कारण डावखुरे स्टॉपर सगळीकडेच कमी. आणि चौथं, तोंड. स्टेप (पुढे सर), ड्रॉप (मागे हट), मॅन ऑन (अंगावर कोणी येतंय), टाइम (वेळ आहे), एवढे चार शब्द जगातल्या कुठल्याही मैदानावर बरेचसे चालतात. आमची पोरं मैदानाबाहेर अखंड बडबडतात आणि शिट्टी वाजली की मिठाची गुळणी धरून उभी.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. डिफेंडरचं परदेशात करिअर होतं का? होतं. आशियातल्या डिफेंडरचंही होतं. पण ते कसं होतं ते बघा. दक्षिण कोरियाचा किम मिन-जे आधी मायदेशात जॉनबुककडून खेळला, २०१९ मध्ये चीनमध्ये बीजिंगला, २०२१ मध्ये तुर्कस्तानात फेनेरबाचेला, २०२२ मध्ये नापोलीला. पहिल्याच मोसमात नापोलीने ३३ वर्षांनी इटलीची लीग जिंकली, तो त्या लीगचा, सेरी आचा, सर्वोत्तम डिफेंडर ठरला, मग जर्मनीत बायर्न म्युनिक. प्रत्येक पायरीवर आधी भरपूर खेळला, मग वर गेला. जपानचा तोमियासू फुकुओकाहून बेल्जियमच्या सिंट-ट्रायडनला, तिथून इटलीत बोलोन्या, मग इंग्लंडमध्ये आर्सेनल. हा सिंट-ट्रायडन जपानी कंपनीच्या मालकीचा, म्हणजे जपान्यांनी शिडीची पायरीच विकत घेऊन ठेवलीय. आपल्याकडे अशी पायरी नाही, हा फरक लक्षात ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं उझबेकिस्तानच्या अब्दुकोदिर खुसानोवचं. जन्म २००४ चा. पैसा आणि प्रसिद्धी जिथे नाही अशा बेलारूसच्या लीगमध्ये मिन्स्कच्या एनर्जेटिक-बीजीयूकडून खेळला, २०२३ मध्ये फ्रान्समध्ये लेन्सने घेतला, जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने. सिटीकडून पहिलाच सामना, समोर चेल्सी, तिसऱ्याच मिनिटाला त्याने गोलकीपरकडे हेडरने दिलेला पास तोकडा पडला आणि गोल बसला. तो सामना सिटीने पुढे ३-१ असा जिंकला. आता हीच चूक पैसे भरून गेलेल्या ट्रायलमध्ये झाली असती तर? तिसऱ्या मिनिटालाच बॅग भरा. त्याच्या मागे लेन्सचे दीड वर्षाचे सामने जमा होते, म्हणून ती एक चूक एक चूकच राहिली.

आपल्याकडचं उदाहरण संदेश झिंगनचं. चंडीगडचा पोरगा, २०१४ च्या पहिल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, केरला ब्लास्टर्सकडून खेळून उदयोन्मुख खेळाडूचा किताब मिळवलेला, पुढे भारतीय संघाच्या बचावाचा कणा. ऑगस्ट २०२१ मध्ये क्रोएशियातल्या शिबेनिक क्लबात गेला. सुरुवातीच्या सरावातच पोटरी दुखावली. पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये तो एटीके मोहन बागानकडे परतला. लोक यावर कुत्सित बोलतात, ते मला अजिबात पटत नाही. लीग वेगळी, सरावाचा वेग वेगळा, मैदान जड, अशा वेळी शरीरावरचा भार अचानक वाढतो आणि आधी बोलते ती पोटरी नाहीतर मांडीचा मागचा स्नायू. हे मी माझ्या मैदानावरही बघतो, मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये चिखलात पोरं उतरली की. मला खटकतं ते दुसरंच. तेव्हा त्याचं वय २८ होतं. किम त्या वयाला नापोली संपवून बायर्नमध्ये स्थिरावलेला होता. झिंगनला पडून उठायला, पुन्हा उभं राहायला वर्षंच कमी उरली होती.

म्हणजे तुमच्या मुलाला वेळ आहे. स्टॉपर उशिरा पिकतो. अठरा ते एकवीस ही त्याची शिकायची वर्षं, आणि परदेशाचं बोलायचं तर ते एकवीस-बाविसाव्या वर्षी, हातात साठ-सत्तर मोठे सामने असताना.

इंग्लंड मात्र डोक्यातून काढून टाका. २००९ मध्ये सुनील छेत्रीला क्वीन्स पार्क रेंजर्सने घ्यायची तयारी दाखवली होती. भारत क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून त्याला वर्क परमिट मिळालं नाही. आजही राष्ट्रीय संघाची क्रमवारी तिथे मोजली जाते आणि आपण शंभराच्या बाहेर आहोत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला पोरगा, २०१९ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये तीन महिने सराव करून आला. त्या क्लबाची मालकी पुण्याच्या व्यंकीजकडे, तरी तो सरावच.

आता तुम्ही म्हणाल, सर, इथे तरी काय ठेवलंय? खरंय. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ मिटेना, आणि क्लबांनी खेळाडूंना नुसतं ताटकळत ठेवलं. शिवाय एका वेळी चार परदेशी मैदानात उतरवता येतात आणि बहुतेक क्लब त्यातला एक स्टॉपरच्या दोन जागांपैकी एकीवर लावतात. त्यामुळे आपल्या स्टॉपरची निम्मी जागा आधीच गेलेली. आणि नाशिकला तर क्रिकेटचंच वेड, गोल्फ क्लबवर रणजीचा सामना असला की माझी अर्धी पोरं दांडी मारतात. कुठल्याही बापाला बाहेरची वाट बरी वाटेल, मी समजू शकतो. पण इथे सामने कमी म्हणून, जिथे एकही सामना नाही अशा ठिकाणी पैसे भरून जायचं, हे गणित मला जुळत नाही.

त्या साडेसहा लाखांचं मी काय केलं असतं? पैसे खरंच हाताशी असतील तर, कर्ज काढून नव्हे. बारावी होऊ दिली असती. तोवर आठवड्यातून तीन दिवस सराव, दोन दिवस पायांची ताकद, कारण तुमचा पोरगा उंच आहे पण क्लिपमध्ये खांद्याला खांदा लागला की हलतो. परीक्षा झाली की मुंबई. तिथल्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनपासून शेकड्याने सामने होतात आणि क्लबांना उंच स्टॉपर नेहमीच हवे असतात. आमच्या वेळी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून जायचो, दुपारी मॅच, रात्री परत, दुसऱ्या दिवशी कॉलेज. आता खोली घेऊन राहिलेलं बरं. तिथल्या खर्चासकट दोन हंगाम या रकमेत आरामात निघतात, फिजिओ आणि चांगले बूट धरून. आयएसएल क्लबांच्या राखीव आणि वयोगटाच्या संघांच्या निवडी होतात, त्या बघा. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, पण ती लहान वयात मुलं घेते, तुमच्याकडून ती वेळ निघून गेली. संतोष ट्रॉफीसाठी, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेसाठी, महाराष्ट्राचं शिबिर लागतं, तिथे नाव पोचणं हे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीचं ध्येय ठेवा.

एक गोष्ट मात्र आजच करा. त्याची एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंद आहे का, कोणत्या क्लबाच्या नावाने, ते बघा. पुढे कधी बाहेर जायचं झालंच तर आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला तिथूनच निघतो. शिवाय उद्या त्याची मोठ्या रकमेला देशाबाहेर विक्री झाली, तर त्या रकमेचे पाच टक्के, तो बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबात वाढला त्यांच्यात वाटले जातात. नाशिकमधल्या क्लबांना हे माहीत नसतं, नोंदी नसतात, हक्काचा पैसा जातो. तुमच्या मुलाच्या कोचलाही सांगा, तो खूश होईल.

आणि कधी खरा एजंट आलाच तर? फिफाने २०१५ मध्ये परवाना पद्धत बंद केली होती, ती २०२३ पासून पुन्हा आली. परीक्षा पास व्हावी लागते. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते, नाव टाका आणि शोधा. अल्पवयीन मुलाशी बोलायला त्याला पालकांची लेखी संमती आधी लागते. त्याची फी खेळाडूच्या कमाईच्या टक्क्यांत असते, तर कमाईच नाही तेव्हा साडेसहा लाख कशाचे? क्लबाच्या पत्रावरचा ईमेल जीमेलचा असेल तर तिथेच थांबा. क्लबाच्या संकेतस्थळावरचा फोन नंबर शोधून स्वतः लावा, दोन वाक्यं इंग्रजीत बोला, पाच मिनिटांत उलगडा होतो.

करारापर्यंत गोष्ट गेली तर दोन गोष्टी बघा. वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिट झालं तरच करार लागू, अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही. तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी. आणि दुखापतीत पगार चालू राहतो का, उपचाराचा खर्च कोणाचा, हे लेखी. डिफेंडर दुखावतो, हे धरूनच चाला. सही करण्याआधी खेळाडूंच्या संघटनेला, एफपीएआयला विचारा, वकील गाठा. मला विचारू नका, मी मैदानावरचा माणूस.

एवढं सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. मुलगा डावखुरा असेल, पासिंग चांगलं असेल, तर मी थोडा जास्त आशावादी. घरी पैशाची ओढाताण असेल, तर हा विषय दोन वर्षं बाजूला ठेवा. आणि त्याला मनापासून परदेशच हवा असेल तर अभ्यासाची वाटही आहे. माझा एक स्टॉपर पुण्यात इंजिनिअरिंग करून जर्मनीला मास्टर्सला गेला. आता तिथे एका गावाच्या हौशी क्लबाकडून रविवारी खेळतो. पगार शून्य, मॅचनंतर सॉसेज मिळतं आणि तो शाकाहारी. मागच्या हिवाळ्यात त्याने मला फोटो पाठवला, बर्फाच्या कडेला उभा, गुडघे लाल, दात विचकून हसतोय. त्याच्या वडिलांचा एक रुपया कुठल्या एजंटाकडे गेला नाही.

तुमच्या मुलाचं मी क्लिपवरून अर्धवटच सांगू शकतो. त्याच्या एखाद्या सामन्याचं पूर्ण रेकॉर्डिंग पाठवा, हरलेल्या सामन्याचं असलं तर उत्तम. मोबाइल उंचावर, गच्चीवर किंवा स्टँडमध्ये, स्टँडला लावून स्थिर ठेवा आणि बॉलच्या मागे फिरवू नका, चारही डिफेंडर फ्रेममध्ये राहिले पाहिजेत. आणि गाणं टाकू नका, आवाज तसाच राहू द्या. नव्वद मिनिटांत तो काय काय ओरडतो ते मला ऐकायचंय.